कोंडवाड्याची किल्ली

भोकरखैरी ज्या दिवशी महानगरपालिकेत गेली
त्या दिवशी पारा सेहेचाळीसवर होता
आणि ग्रामपंचायतीच्या कूलरची मोटर
नेमकी त्याच सकाळी जळाली होती.

झोन ऑफिसचा माणूस आला, कोरा तक्ता घेऊन.
मी वाचत गेलो, तो लिहीत गेला:
टेबल एक. खुर्च्या सात, पैकी दोन लंगड्या.
भोंगा. झेंड्याची काठी. पाणीपट्टीची पावतीपुस्तकं.
गावनकाशा, घडीवर फाटलेला,
म्हणजे बरोबर तिथेच, जिथून आता रिंगरोड जातो.

'आणखी?'

सव्वीस वर्षं मी इथे कर लिहिला.
आधी शेत लिहिलं, मग तेच शेत
प्लॉट नंबर एक ते एकशे बारा म्हणून लिहिलं.
हेडाऊंची विहीर कुणाच्या पोर्चखाली आहे
ते मला माहीत आहे, पोर्चवाल्याला नाही.
लोक यायचे. आरएल लेटर कधी निघते, नाली कधी,
'बाप्पा, लाइट तं लावा,
पोट्टी अंधारात ट्यूशनहून येऊन राहिली.'
पाचव्या गल्लीतला खांब आम्ही वर्गणीतून उभा केला.
तक्त्यात त्याला रकाना नव्हता.

मग पेटीच्या तळाशी किल्ली निघाली,
वीतभर लांब, गंजून लाल.
'ही कशाची?'
'कोंडवाड्याची.'
'कुठाय कोंडवाडा?'
मी खिडकीतून ग्रीन जिम दाखवला,
जिथे त्या उन्हात एकटे निखारे मास्तर
बिनचाकाच्या सायकलवर
तेलंगखेडीपर्यंत जाऊन आल्यासारखे घामाघूम.

किल्लीखाली वही. शेवटची नोंद, मे ऐंशी:
'शेळी, एक. रंग भुरा. डावा कान चिरलेला.
नर्सरीतली रोपे खाताना धरली.
मालक हजर नाही. चारा रोज पाऊण रुपया.'
सुटकेच्या रकान्यात काहीच नाही.

झोनवाला हिशेबी निघाला.
कॅल्क्युलेटर काढून म्हणाला, तेहतीस वर्षं,
लीप वर्षं सोडून देऊ,
नऊ हजार तेहतीस रुपये पंचाहत्तर पैसे.
'येणे दाखवू की देणे?'

कौतिकाबाई उईके, शेवटच्या सरपंच,
इतका वेळ पदराने वारा घेत बसल्या होत्या.
'मायी सासू तवा कोतवालीन होती,' त्या म्हणाल्या.
'कोंडवाड्यात पाणी नव्हतं. तिनं शेळी घरी नेली.
दर सोमवारी बाजारात उभी करे,
येनाऱ्या-जानाऱ्याले कान दाखवे.
कोनी नाही आलं.'
मग जरा थांबून, 'दूध अंगनवाडीत जाय.'

झोनवाल्याने कॅल्क्युलेटर खिशात ठेवला.
लिहिलं: किल्ली, एक. निरुपयोगी.
ताबा दिला, तिथे मी सही केली.
ताबा घेतला, तिथे त्याने.
कौतिकाबाईंनी सही शिकल्यापासूनची पहिली
गिचमिड सही केली. उन्हाने असेल.
जाताना तो किल्ली टेबलावर विसरला,
टेबल मात्र घेऊन गेला, म्हणजे किल्ली आधी
खिडकीत ठेवून, मग.

आता मी झोन ऑफिसात बसतो. पंख्याखालची जागा
अजून मिळायची आहे.
शेळीच्या पिलांची पिलं भोकरखैरीत फिरतात,
कान सगळ्यांचे शाबूत, चिरलेपण वारशात येत नाही.
भुरा रंग मात्र आला आहे,
आणि रोपांची आवड.

परवा तक्रार आली. प्रभाग अमुक, गल्ली पाचवी,
दुभाजकावरची नवी झाडं मोकाट शेळ्या खातात.
खांबाजवळ, असंही लिहिलं होतं,
खांब कुणाचा ते लिहिलं नव्हतं.

फॉर्मात विचारलंय: जनावराचा मालक?
पेन थोडा वेळ हवेत राहिला.
मग मी जुन्याच वळणाने लिहिलं,
मालक हजर नाही,
आणि पुढचा रकाना शोधू लागलो.
चाऱ्याचा रकाना
नव्या फॉर्मात ठेवलेला नाही.